माती का खाल्ली?

'माती खाल्ली' म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. परीक्षेत, शेअरबाजारात, स्थळ बघताना, जिथे जिथे आपली फजिती होते तिथे तिथे आपण माती खातो. आमच्या घरात मात्र या शब्दांना आणखी एक अर्थ होता, आणि तो माझ्या धाकट्या मावशीला चिकटलेला होता.

मावशी लग्न होऊन अकोल्याकडच्या एका खेड्यात गेली. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला चिंचा-बोरांचे नाही, मातीचे डोहाळे लागले. चुलीची भाजलेली माती नखाने खरवडायची आणि कोणी बघत नाही असं पाहून तोंडात टाकायची. एके दिवशी सासूबाईंनी पाहिलं. मग काय, आधी घरभर, मग गावभर आणि शेवटी माहेरी. पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात कोणीतरी ते काढायचंच. "हिला जिलबी नको, हिला ढेकूळ द्या." सगळे हसायचे. मीही हसलेय. (हे वाचणाऱ्या नातेवाईकांनो, तुम्हीही हसला आहात, आठवा जरा.)

गेल्या दिवाळीत मावशी आली होती. फराळ करता करता मला म्हणाली, "काय गं, तू एवढं वाचतेस, लिहितेस. मी माती का खात होते ते कुठे लिहिलेलं असेल का बघ ना." म्हणताना हसत होती. पण रात्री भांडी आवरताना तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि तेव्हा हसत नव्हती.

म्हणून शोधायला बसले. शोधता शोधता मी पोचले ती थेट पेरू देशात, ॲमेझॉनच्या जंगलात.

आग्नेय पेरूमध्ये मानू आणि तांबोपाता या नद्यांच्या काठी मातीच्या उभ्या दरडी आहेत. मी तिथे गेलेली नाही, जाण्याची शक्यताही दिसत नाही, पण चित्रफिती मात्र भरपूर पाहिल्या. पहाटे काठावरच्या उंच झाडांवर एकेक जोडी येऊन बसायला लागते. लाल मकाव, निळे-पिवळे मकाव, हिरवे पोपट, छोटे राघू. नुसता कलकलाट. कितीतरी वेळ कोणीच खाली उतरत नाही, कारण ससाण्या-गरुडांची भीती. मग एखादा धीट पक्षी दरडीला जाऊन चिकटतो, त्याच्यामागून दुसरा, आणि बघता बघता सगळी दरड रंगीबेरंगी होऊन जाते. शेकडो पक्षी नखांनी लटकून मातीचे लचके तोडत असतात! फळंफुलं आणि बियांनी भरलेलं जंगल मागे टाकून, जीव धोक्यात घालून माती खायला येतात. आणि एकटे पोपटच नव्हेत. जंगलातली इतर ठिकाणची माती तापीर खातात, रानडुकरांसारखे पेक्करी खातात, माकडंही खातात.

का? हा प्रश्न जुना आहे. आणि मला गंमत (खरं तर गंमत नव्हे) अशी वाटली की या प्रश्नाचं उत्तर ज्याने त्याने आपापल्या सोयीने दिलेलं आहे.

सुरुवात माणसांपासून झाली. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र बोंप्लां जून १८०० मध्ये ओरिनोको नदीवरच्या उरुआना नावाच्या मिशनवस्तीत पोचले. आज हा भाग व्हेनेझुएलात येतो. तिथे ओतोमाक नावाचे लोक राहत. नदीला पूर आला की मासे आणि कासवं मिळेनाशी होत, तेव्हा दोन-तीन महिने हे लोक माती खात. वाटेल ती माती नाही हं. काठावरची ठरावीक, मऊ, लोण्यासारखी चिकण माती निवडायची, तिचे पाच-सहा इंची गोळे करायचे, ते विस्तवावर लालसर होईपर्यंत भाजायचे आणि खाताना पुन्हा ओले करायचे. झोपड्यांमधून अशा गोळ्यांचे ढीग रचून ठेवलेले हुम्बोल्टने पाहिले. (भाजलेली माती! इथे मला पहिल्यांदा मावशीची चूल आठवली.) त्याच्याआधी गुमिया नावाच्या जेझुइट धर्मगुरूने १७४१ च्या पुस्तकात लिहिलं होतं की हे लोक मातीत प्राण्यांची चरबी मिसळतात. हुम्बोल्टने चौकशी करून ते खोडून काढलं. नुसती माती, बाकी काही नाही. आणि तिथे अनेक वर्षं राहिलेल्या पाद्र्याने सांगितलं की त्यामुळे कोणी आजारी पडल्याचं दिसत नाही.

हुम्बोल्टने याचा अर्थ लावला तो भुकेचा. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून. पण त्याने एक नोंद प्रामाणिकपणे करून ठेवली आहे, जी या अर्थात बसत नाही. पाणी ओसरल्यावर, मासे मुबलक मिळत असतानाही हे लोक जेवणानंतर थोडी माती आवडीने खायचे. आता पोट भरलेला माणूस पोट भरण्यासाठी कशाला माती खाईल? उत्तर चुकलं तरी न पटणारी गोष्ट लपवली नाही, याबद्दल मला हुम्बोल्ट फार आवडला.

सगळेच तसे नव्हते. त्याच काळात वेस्ट इंडीज आणि ब्राझीलमधल्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. त्यांच्यातले काही माती खात. मळेवाल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी याला रोगाचं नाव दिलं, 'काचेक्सिया आफ्रिकाना'. म्हणजे हा आफ्रिकनांचा रोग. कोणी म्हणालं वाईट खोड, कोणी म्हणालं कामचुकारपणा, कोणी म्हणालं मुद्दाम जीव द्यायला खातात, म्हणजे मालकाचं नुकसान. उपाय काय? तोंडाला पत्र्याचा मुखवटा घालून मागे कुलूप लावायचं. झां-बातीस्त देब्रे नावाचा फ्रेंच चित्रकार १८१६ ते १८३१ या काळात ब्राझीलमध्ये होता. त्याने अशा मुखवटा घातलेल्या गुलामाचं चित्र काढून ठेवलंय. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. आज पाहता त्या माणसांच्या पोटात जंत असणार, अंगात रक्त नसणार, पानात धड अन्न नसणार. पण 'हा माती का खातो' याऐवजी 'याला थांबवायचं कसं' एवढाच विचार करणाऱ्याला हे दिसणार तरी कसं?

पोपटांचं बरं आहे. पोपटाला कोणी आळशी म्हणत नाही, निर्लज्ज म्हणत नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सरळ प्रश्न म्हणून विचारला गेला.

१९८० च्या दशकापासून चार्ल्स मन हे अमेरिकन संशोधक मानूच्या जंगलात मकाव पक्ष्यांचा अभ्यास करत होते. त्यांच्या आणि जेम्स गिलार्डी यांच्या लक्षात आलं की पक्षी अख्खी दरड खात नाहीत. दरडीतला एक ठरावीक थर खातात. त्याच्या मीटरभर वरची किंवा खालची माती त्यांना चालत नाही. आता कोंबड्या-पारवे पोटात दाणे दळायला खडे गिळतात हे आपल्याला माहीत आहे. पण ही माती इतकी बारीक की दळायला काही उपयोग नाही, आणि पोपटाची चोच कठीण बी फोडायला समर्थ असते. आम्लपित्तावर घेत असतील म्हणावं तर ती माती आम्ल फारसं शमवतही नव्हती.

मग त्यांनी विषाचा विचार केला. झाडाला फळ खाल्लेलं चालतं, बी खाल्लेलं चालत नाही. म्हणून बियांमध्ये, विशेषतः कच्च्या बियांमध्ये, झाड कडू आणि विषारी द्रव्यं भरून ठेवतं. पोपट नेमक्या त्याच कच्च्या बिया खातात. आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, तर अशा अनेक विषांच्या रेणूंवर धन. दोघं पोटात भेटले की चिकटून बसतात आणि विष रक्तात न जाता विष्ठेबरोबर बाहेर. गिलार्डींनी पाळीव पोपटांना क्विनिडीन हे कडू अल्कलॉइड दिलं, काहींना मातीसकट आणि काहींना मातीशिवाय. माती खाल्लेल्यांच्या रक्तात ते सुमारे ६० टक्क्यांनी कमी उतरलं. माती पोटात बारा तासांहून जास्त टिकत होती. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी जॅरेड डायमंड यांनी 'नेचर'मध्ये त्याच्यावर लेख लिहिला आणि उत्तर सापडलं असं सगळ्यांना वाटलं. पोपट विषावर उतारा घेतात! कथा इतकी सुंदर आहे की आजही पर्यटकांना हीच सांगितली जाते.

पण... (हा 'पण' मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतो.)

विषारी बिया खाणारे पोपट जगभर आहेत. अशा दरडींवर शेकड्यांनी जमणारे थवे मात्र मुख्यतः ॲमेझॉनच्या पश्चिम भागात दिसतात. असं का? तांबोपाताच्या काठी डोनाल्ड ब्राइटस्मिथ आणि त्यांचे सहकारी १९९९ पासून वर्षानुवर्षं पहाटे बसून पक्षी मोजत होते. त्यांनी पोपट खातात ती माती आणि खात नाहीत ती माती शेजारी ठेवून तपासली. २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की विष शोषण्याच्या बाबतीत दोन्ही मातींत खास फरक नाही. फरक आहे तो सोडियमचा. म्हणजे आपल्या साध्या मिठातल्या घटकाचा. पक्षी निवडतात त्या मातीत सोडियम जास्त!

याचं कारण समजून घ्यायला नकाशा पाहावा लागतो. वनस्पतींना सोडियम जवळजवळ लागत नाही, त्यामुळे पानाफळांत ते अगदी कमी असतं. प्राण्यांना मात्र नसा आणि स्नायू चालवायला ते लागतंच. (आपले शेतकरी बैलाला ढेपेबरोबर मीठ देतात ते उगाच नाही.) जंगलात मीठ येतं कुठून, तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापावसातून. ॲमेझॉनवर हे वारे पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतात. पश्चिमेला अँडीजच्या पायथ्याशी पोचेपर्यंत त्यातलं मीठ बरंचसं वाटेत सांडून गेलेलं असतं, आणि तिथला धो धो पाऊस जमिनीत असलेलंही धुऊन नेतो. म्हणजे हिरवंगार, भरगच्च, पण अळणी जंगल! २००८ मध्येच मायकेल कास्पारी आणि सहकाऱ्यांनी मुंग्यांपुढे साखरेचं पाणी आणि मिठाचं पाणी ठेवून पाहिलं. समुद्रापासून जसजसं आत जावं तसतशी मुंग्यांना मिठाची ओढ वाढत गेली. मुंगी साखर सोडून मिठाकडे जाते म्हणजे किती निकड असेल विचार करा.

२०१८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. दरडीवरची गर्दी कधी वाढते? जंगलात अन्न कमी असतं तेव्हा नव्हे, तर पिल्लांच्या हंगामात. आईबाप ही माती पिल्लांनाही भरवतात. म्हणजे या सगळ्याचा संबंध बाळंतपणाशी! हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ नुसती बसून होते.

आणि गंमत म्हणजे या दरडींना तिथले लोक 'कोल्पा' म्हणतात. हा मूळ केचुआ भाषेतला शब्द, अर्थ क्षाराची, खारी माती. आपल्याकडे 'चोपण' म्हणतात किंवा मावशीच्या भागाला 'खारपाणपट्टा' म्हणतात तसाच. सगळे संशोधक वर्षानुवर्षं त्या दरडीला तिच्या नावाने हाक मारत होते, आणि अर्धं उत्तर त्या नावातच होतं.

अर्धं म्हणते, कारण उत्तर एकच आहे असं कोणी मानू नये. युगांडातल्या किबाले जंगलातले चिंपांझी एका झाडाची पाने खातात आणि त्याच्या आगेमागे लाल माती खातात. २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करून पाहिलं, तर पानं आणि माती एकत्र आल्यावर मलेरियाविरोधी गुण दिसून आला. तिथला वैदू जुलाबावर जी माती देतो तीही तशीच. म्हणजे इथे माती औषधाची जोडीदार.

युगांडातल्याच बुडोंगो जंगलातली हकीकत मात्र काळजी वाटावी अशी. तिथले चिंपांझी सोडियमसाठी राफिया नावाच्या ताडाचा कुजलेला गाभा खात. आसपासचे शेतकरी तंबाखू पिकवायचे, आणि तंबाखूची पानं वाळत घालायला दोरी म्हणून राफियाच्या पातीचे धागे वापरायचे. तोडून तोडून ते ताड तिथून जवळजवळ संपले. मग चिंपांझी चिकणमाती जास्त खाऊ लागले, मातीचं गढूळ पाणी पिऊ लागले. ते वटवाघळांची विष्ठाही खातात असं पुढे कॅमेऱ्यांत दिसलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या विष्ठेत २७ विषाणू सापडले, त्यातला एक कोरोना कुळातला. कोणीतरी कुठेतरी सिगारेट ओढतो, आणि कोणीतरी कुठेतरी मिठासाठी वटवाघळाची घाण चिवडतो. साखळीतल्या मधल्या कड्या कोणालाच दिसत नाहीत.

आता मावशी.

मला वाटलं होतं, पोपटाचं उत्तर मावशीला लागू पडेल आणि मी ऐटीत फोन करीन. पण तसं काही झालं नाही. मावशीच्या गावात विहिरीचं पाणीच खारट. मिठाला तोटा नव्हता. तिला डोहाळे लागले ते दुसऱ्या कशाचे असणार.

सेरा यंग यांनी २०११ मध्ये माणसांच्या माती खाण्याच्या जगभरातल्या ४८० हून अधिक नोंदी एकत्र तपासल्या. त्यात पुन्हा पुन्हा दिसतात त्या गरोदर बायका आणि लहान मुलं, आणि प्रदेश बहुतेक उष्ण कटिबंधातले. भूक हे कारण फारसं टिकत नाही. पोटातल्या विषापासून, जंतूंपासून बचाव हे कारण त्यांना जास्त पटतं. दुसरीकडे माती खाणं आणि अंगात लोह कमी असणं या दोन गोष्टी बहुतेक वेळा बरोबर सापडतात. आपल्या चरकसंहितेत पांडुरोगाच्या पाच प्रकारांत माती खाण्याने होणारा पांडुरोग वेगळा सांगितला आहे. म्हणजे हा संबंध आपल्याकडे फार पूर्वी दिसला होता. माती खाल्ल्याने रक्त कमी होतं की रक्त कमी म्हणून माती खावीशी वाटते, यावर वाद आहे, आणि दोन्ही खरं असू शकतं. काही चिकणमाती पोटातलं लोहही धरून ठेवते, म्हणजे दुष्काळात तेरावा. शिवाय मातीतून जंत जातात, शिसं जातं. तेव्हा पोपट खातात म्हणून तुम्ही खाऊ नका, हे सांगून ठेवते!

मावशीला बाळंतपणात रक्त द्यावं लागलं होतं, हे मला आईकडून आत्ता कळलं. चाळीस वर्षं आम्ही ढेकळाचा विनोद सांगितला, ही गोष्ट कोणी सांगितली नाही. एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी, अंगात रक्त नाही, शरीर काहीतरी मागतंय, काय मागतंय ते तिलाही कळत नाही. आणि घरात भरलेलं गोकुळ असून एकानेही विचारलं नाही की बाई गं, तुला होतंय काय. आम्ही मुखवटा घातला नाही एवढंच. हसून हसून तिचं तोंड मात्र बंद केलं.

परवा फोन करून तिला सगळं सांगितलं. हुम्बोल्ट सांगितला, मकाव सांगितले, अळणी जंगल सांगितलं, रक्ताचंही सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. म्हणजे ते पोपट उजेडात खातात, सगळ्यांसमोर."

"हो."

"त्यांना सासू नसते ना गं," म्हणाली, आणि मग दोघीही खूप हसलो. या वेळी आधी ती हसली.

असो. तुमच्या घरात कोणी पोर भिंतीचा पोपडा खात असेल, पाटीवरची पेन्सिल कुरतडत असेल, कोणा सुनेला मातीचे डोहाळे लागले असतील, तर आधी रागावू नका, हसू तर अजिबात नका. डॉक्टरकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासा. आणि पुढच्या लग्नात कोणी ढेकळाचा विनोद काढला, तर हा लेख त्याला वाचायला द्या. मावशीची परवानगी घेतली आहे.